काळभोर मिस्त्रींची बोटं

आंधळ्या माणसाच्या बोटांत देव डोळे देतो, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात नातवाच्या शाळेत कार्यक्रम होता. पाहुण्यांनी भाषणात नेमकं हेच वाक्य टाकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पिशवी उचलून सरळ बाहेर आले. सुनेनं विचारलं, आई, बरं वाटत नाही का? म्हटलं, गरम होतंय. तिला कुठं सांगत बसू काळभोर मिस्त्रींचं? सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

तसं त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. आकुर्डीचं जुनं घराणं, चौथीपर्यंत शाळा, खडकीच्या सरकारी कारखान्यात कानस धरायला शिकलेले, एवढंच. मी चौसष्ट साली पिंपरीच्या आमच्या पंपांच्या कंपनीत ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेली ड्रॉइंगं शाईनं गिरवणारी. तळेगावहून यायचं, गिरवायचं, डबा खायचा, परत गिरवायचं आणि घरी जायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबांचा एक आकडा लागेना म्हणून माप विचारायला ट्रेसिंग घेऊन हत्यारं-साचे घडवायच्या टूलरूममध्ये गेले. लोखंड पकडायच्या शेगड्याशी एक बुटका, रुंद माणूस उभा होता. त्यानं ते हातात घेतलं आणि बघायच्या आधी त्यावर अंगठा फिरवला.

"शाई जाड झालीया हितं," तो म्हणाला. "हात थांबला व्हता तुमचा."

थांबला होता खरा. मागून कुणीतरी हाक मारली होती. पण हे असं पहिल्या भेटीत तोंडावर सांगायचं? मी म्हटलं, तुम्ही ड्रॉइंग वाचा, शाई कशाला वाचता? "दोनी वाचतो," म्हणाले, आणि माप सांगून परत कानशीला लागले. आमची ओळख ही अशी झाली.

कुठलीही वस्तू समोर आली की मिस्त्री आधी अंगठा फिरवायचे, मग बघायचे. चहाच्या कपाचा काठ असो, बसचा दांडा असो, लग्नपत्रिका असो. "डोळा फसिवतो, बोट फसवत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टूलरूममध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाव म्हणायचे. नवी पोरं मुद्दाम दोन पोलादी पट्ट्या शेजारी ठेवायची, एकीखाली सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सारायची आणि मिस्त्रींना बोलवायची. मिस्त्री दुसरीकडे बघत सांध्यावरून नख ओढायचे आणि म्हणायचे, "ही वर हाय. एक थाव. कागद काढा आन कामाला लागा."

एकदा भावाच्या लग्नासाठी मी पिंपरी कॅम्पात स्टीलचे डबे घेत होते. मिस्त्री तिथे कशाला आलेले देव जाणे. त्यांनी सहा डबे चाचपले, एक बाजूला काढला आणि म्हणाले, "ह्यो घ्या, बाकीचं वाकडं हाईत." शेठ चिडला. मिस्त्रींनी एकेक डबा काउंटरवर आडवा करून लोटला. सहापैकी पाच लंगडत गेले, एक सरळ गेला. शेठनं हात जोडले. "मिस्त्री, आप चाय पियो, लेकिन मेरी दुकान में हाथ मत लगाओ." मिस्त्रींनी चहा घेतला. त्यात चार चमचे साखर मागून घेतली. त्यांच्या चहात चमचा उभा राहायचा बाकी असे.

आणि वाचायचे. जेवणाच्या सुट्टीत उलट्या खोक्यावर बसून वर्तमानपत्राची ओळन् ओळ, निविदा आणि हरवल्याच्या जाहिरातींसकट. मी एकदा चेष्टा केली, मिस्त्री, पाटबंधाऱ्याचं टेंडर भरताय काय? म्हणाले, "कुनीतरी खिळं जुळवून छापलंय, बाई. वाचाया नको?" घरी पारूकाकूंना अक्षर येत नव्हतं, पोरबाळ नव्हतं. संध्याकाळी ते काकूंना दिवसभराच्या बातम्या सांगायचे, आणि काकूंना त्यातल्या चोऱ्यामाऱ्या तेवढ्या आवडायच्या.

एका दुपारी वॉचमननं साबळे मास्तरांना टूलरूममध्ये आणून सोडलं. दापोडीला राहायचे, पुण्याकडच्या एका अंधशाळेत शिकवायचे. लहानपणी देवीत डोळे गेलेले, तोंडावर वण, आणि जीभ विळ्यासारखी. काखेत पंच्यात गुंडाळलेलं एक जड धूड होतं. ब्रेल लिहायचं मशीन. परदेशातून कुणीतरी शाळेला देणगी पाठवलेलं. सहा कळा, मधे जागा सोडायची पट्टी. एकेक कळ म्हणजे अक्षरातलं एकेक टिंब, हव्या त्या कळा एकदम दाबायच्या की अक्षर उमटतं. त्यातली एक कळ मेली होती. आतला तुकडा मोडलेला, मुंबईच्या एजंटानं सांगितलं होतं की माल बाहेरून यायचा, परवाना मिळाला तर वर्षभरात बघू.

मिस्त्रींनी मशीनवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "ह्याच्या आधी कशावर लिवत व्हता?"

"पाटी आणि टोचणी," साबळे म्हणाले. "कागद पाटीत अडकवायचा आणि एकेक टिंब टोचायचं. पण टिंब पलीकडच्या बाजूला उठतं. म्हणून आम्ही उजवीकडून डावीकडे उलटं लिहितो आणि कागद पालटून सुलट वाचतो. शाळेत एक जुनं मशीन होतं, तेही टिंब खालीच पाडायचं. काय लिहिलं ते बघायचं तर कागद काढा, उलटा, वाचा, परत बसवा. तोवर विचार दापोडीला गेलेला. ह्या मशीनमध्ये टिंब वर उठतं. लिहिता लिहिता हात पुढे केला की आपलंच वाक्य बोटाखाली."

"म्हंजे तुमची पाटी आमच्या डायवानी, साच्यावानी," मिस्त्री म्हणाले. "डाय उलटी, माल सुलटा."

"तुम्हाला दोन मिनिटांत कळलं. आमच्या इन्स्पेक्टरांना तीन वर्षं कळलेलं नाही."

आठ दिवसांत मिस्त्रींनी पोलादाच्या तुकड्यातून तो भाग घासून काढला आणि मेलेली कळ जिवंत झाली. मग काय, कुठल्या कुठल्या शाळांची मशीनं पंच्यात गुंडाळून यायला लागली. मिस्त्री ती उघडायचे, दुरुस्त करायचे आणि आतलं सगळं डोक्यात ठेवायचे. वर्षभरानं मला म्हणाले, "सुमनबाई, ह्यात असं काय हाय जे आकुर्डीत हुनार न्हाई? तुमी ड्रॉइंग काढा, मी मशीन करतो."

मी रविवारी बसून ड्रॉइंग काढलं. आणि इथे आम्ही दोघांनी जी माती खाल्ली ती फक्त डोळस माणूसच खाऊ शकतो. मिस्त्री म्हणाले, आंधळ्या मानसाला बारीक टिंबं कशापायी? ऐसपैस करू. मलाही ते इतकं पटलं की मी टिंबांमधलं अंतर जवळजवळ दुप्पट धरलं. नऊ महिने शिफ्ट सुटल्यावर थांबून, भंगारातला माल वापरून त्यांनी ते मशीन केलं. साबळे मास्तर आले, त्यांनी एक ओळ लिहिली, बोट ठेवलं आणि ते पहिल्याच अक्षराभोवती फिरवत राहिले.

"मिस्त्री," शेवटी म्हणाले, "अक्षर एका बोटाखाली मावावं लागतं. तुमच्या अक्षराला मला प्रदक्षिणा घालावी लागतेय."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मशीन खोलून सुटं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्याला दीड वर्ष लागलं. ते मात्र बरोबर होतं. साबळ्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वाचलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि ओळीच्या शेवटी घंटी वाजली तेव्हा म्हणाले, "परदेशच्या घंटीपेक्षा ही बरी आहे, ती फार इंग्रजी वाजते." मिस्त्रींना अशी आणखी दहा करायची होती. कंपनीनं सांगितलं, आपण पंप करतो, पंपच करू. नमुन्याचं ते एक मशीन आकुर्डीला घरी गेलं आणि काकूंनी त्यावर जुनं लुगडं झाकून ठेवलं. इतकी वर्षं झाली, तो निर्णय आठवला की माझा अजून संताप होतो.

मिस्त्रींचे डोळे गेले ते मला चुकून कळलं. त्र्याहत्तर साल असेल. घाईत मी त्यांच्या हातात ड्रॉइंग उलटं दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, डोळ्यांजवळ नेलं, मान हलवली. "हां. भोक बारा मिलिमीटरचं. समजलं." माप बरोबर होतं, कारण सकाळीच ते शेजारच्या बाकावरच्या शिंद्यांनी मोठ्यानं वाचलेलं. पण कागद उलटा होता.

"कधीपासून, मिस्त्री?"

त्यांनी कागद बाकावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "दिवाळीपास्नं. आधी काळं डाग यायचं. आता समदंच धुरकाट."

"आणि तुम्ही त्या ग्राइंडिंग मशीनवर बसता?"

"आवाजावनं कळतंय की."

मी तिथंच त्यांच्यावर कडाडले. सगळी टूलरूम बघत होती. त्यांचा दंड धरून मी त्यांना सुपरवायझरकडे नेलं. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगात साखर आहे, तिनं डोळ्यांच्या आतल्या शिरा फुटल्यात, उशीर झालाय. सहा महिन्यांत पुरतं दिसेनासं झालं. मिस्त्रींनी चहातली साखर बंद केली आणि कुणाजवळ एक शब्द काढला नाही.

कंपनीनं त्यांना घालवलं नाही, हे खरं सांगायला हवं. शिंद्यांच्या शेजारी बाकावर बसवलं. कापून आलेल्या भागांच्या कडेला बारीक धार राहते, ती कानशीनं घालवायची. हे काम मिस्त्री डोळे मिटून करू शकले असते, आणि आता तेच करायचं होतं. पहिलं वर्ष त्यांचा एकही भाग परत आला नाही.

दर रविवारी साबळे मास्तर आकुर्डीला येऊन त्यांना ब्रेल शिकवायला लागले. लिहायला मिस्त्री एका दिवसात लागले. सगळी अक्षरं तोंडपाठ, दोन मशीनं स्वतः घडवलेली, चुकणार कशाला? शेगड्यात माल कसा धरावा, कानस कुठून ओढावी, असलं काय काय ते भराभर लिहीत सुटायचे. मी ऑफिसात खराब झालेले जाड कागद त्यांना नेऊन द्यायची. ते लिहायचे आणि साबळे वाचून दाखवायचे. पण स्वतः बोट ठेवलं की काही कळायचं नाही. "समदं सपाट लागतंय," म्हणायचे. "एखांद्या टायमाला नुसतं खरबरीत, पॉलिश कागदावर हात फिरवल्यावानी."

टिंबांकडे बघून मला थोडं वाचता यायचं. मी म्हटलं, मी वाचून दाखवत जाईन. मिस्त्री म्हणाले, "तुमचं उपकार हाईत. पर मला एक पान वाचायचंय, बाई. माज्या हातानं. कुनाला इचारल्याबिगर. एक पान जमलं म्हंजे झालं, मग फुडं मी हाय आन कागद हाय."

त्या एका पानासाठी त्यांनी जे केलं ते बघवत नव्हतं. साबळ्यांनी त्यांची बोटं चाचपली आणि म्हणाले, "मिस्त्री, ही बोटं आहेत की खिळे? तीस वर्षांचे घट्टे आहेत ह्यांवर. कानस सुटल्याशिवाय ही वाचायची नाहीत." साबळे मनानं चांगले होते आणि त्यांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं. मिस्त्रींना ते तंतोतंत पटलं. हत्याराला गंज चढला तर घासून काढायचा, बोटाला घट्टा चढला तर उतरवायचा. ह्यापेक्षा सरळ हिशेब टूलरूमच्या माणसाला कुठला?

आता जे सांगायचं आहे ते मी सुनेला कधीच सांगणार नाही. दुसऱ्या वर्षापासून मिस्त्रींचे भाग परत यायला लागले होते. कडेला धार राहिलेली असायची, ती त्यांना बोटाला लागायची नाही. पहिल्यांदा तपासणीवाल्यानं ट्रे परत आणला तेव्हा शिंद्यांनी तो आपल्या बाकाखाली सरकवला आणि चहाच्या सुट्टीत सगळे भाग पुन्हा घासून दिले. मग ते रोजचंच झालं. मिस्त्री उठून गेले की शिंदे आणि दोघं-तिघं त्यांचे ट्रे निस्तरायचे. नाकारलेल्या मालाच्या चिठ्ठ्या आमच्या टेबलावर यायच्या, त्या मी फाडायची. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. ज्या माणसानं आम्हाला थाव म्हणजे काय ते शिकवलं, त्याला कोण जाऊन सांगणार की मिस्त्री, तुमचं बोट फसवतंय? वय झालंय, दिसत नाही, चालायचंच, असं आम्ही धरून चाललो. आपण फार चांगलं वागतोय असंही मनातून वाटत होतं.

शहात्तर साली मिस्त्रींनी नोकरी सोडली. शिंदे घाईघाईनं माझ्याकडे आले. "ताई, म्हातारं ऐकेना. म्हणतंय बोटं मऊ करायचीत. तुम्ही बोला." मी बोलायला गेले.

"मिस्त्री, हे काम तुम्हाला न बघता येतं. तेवढंच उरलंय. तेही सोडता?"

"कानस हातात हाय तवर वाचनं न्हाई," ते म्हणाले. "दोनीतलं येक. कानस लई वर्सं झाली."

त्यांनी आपल्या कानशी शिंद्यांना देऊन टाकल्या, एकेकीवर अंगठा फिरवून, कुठली कशासाठी ते सांगून. शिंदे रडले. आणि खरं सांगते, आम्हाला सगळ्यांना आतून सुटल्यासारखं झालं. आता रोज ट्रे लपवायला नको होते.

त्यानंतर दीड वर्ष त्या घरात दुसरा विषय नव्हता. पारूकाकू सकाळी कोमट पाण्यात त्यांचे हात भिजत घालायच्या, टाचा घासायच्या वजरीनं बोटं हळूहळू घासायच्या, दुधाची साय चोळायच्या. त्यांना बादली उचलू द्यायच्या नाहीत, दोरी ओढू द्यायच्या नाहीत. "बाळंतिणीचं करतात तसं करतीया मी ह्यांचं," मला म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून हसल्या. घट्टे उतरले. दिवाळीला गेले तेव्हा मिस्त्रींनी माझ्यापुढे हात केला. मी धरला तर तो तलाठ्याच्या कचेरीतल्या कारकुनाचा असावा इतका मऊ.

"झालं का न्हाई?"

"झालं की, मिस्त्री."

"आता येनार," ते म्हणाले. "साबळे म्हनलं, घट्टं गेलं म्हंजे कातडीला पुन्यांदा शिकवावं लागतं. पोरावानी."

रोज दोन-दोन तास ते एका ओळीवर बोटं फिरवत बसायचे. साबळे मास्तरांनी सोपं केलं, एका ओळीत एकच अक्षर, मधे भरपूर जागा. कधी मिस्त्रींचं उत्तर बरोबर यायचं आणि दोघं खूश व्हायचे. अंदाजानं आलं होतं हे पुढच्या ओळीला कळायचं.

मग एक दिवस काकूंना दिसलं की मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर टरटरून फोड आलेत. "चुलीवरच्या तव्याची कड धरली आन सोडली न्हाई ओ," त्या मला सांगत होत्या. "मी म्हनलं, भाजतंय की. तर म्हनत्यात, काय भाजतंय?" साबळे मास्तर तिथेच बसलेले होते. त्यांचं तोंड एकदम पडलं. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या," एवढंच म्हणाले.

काकूंना पाट्या वाचता येत नाहीत म्हणून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी मिस्त्रींच्या बोटांना टाचणी लावली. टोचतंय का? न्हाई. इथे? न्हाई. इथे? मनगटाच्या वर गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "हां, हितं." मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"साखरेनं डोळे गेले तसंच हे आहे," डॉक्टर म्हणाले. "बोटांच्या नसा गेल्यात. घट्ट्यांचा काही संबंध नाही. बोटं कडक असती तरी हेच झालं असतं." मग त्यांनी विचारलं, "हे एकदम होत नाही. आधी कामात काही चुकायला लागलं होतं का? सुरुवातीलाच आला असतात तर थोडं थोपवता आलं असतं."

"येक बी पीस परत आला न्हाई, सायेब," मिस्त्री म्हणाले. ताठ बसून म्हणाले. "सोडला त्या दिसापत्तुर."

मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी, मी शेजारी, काकू पुढच्या बाकावर. खडकी गेलं, दापोडी गेलं. मग तोंड खिडकीकडेच ठेवून म्हणाले, "सुमनबाई, खरं सांगा. माजं पीस परत येत व्हतं?"

मी आयुष्यात पुष्कळांना फटकन बोललेली आहे, पण त्या दिवशी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसले. शेवटी म्हटलं, "येत होते."

"कुनाला ठावं व्हतं?"

"सगळ्यांना. शिंदे घासून द्यायचे. चिठ्ठ्या मी फाडल्या."

बस कासारवाडीला थांबली, माणसं चढली-उतरली. मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, मऊ झालेले.

"टूलरूममदी माप चुकलं तर सांगत्यात, बाई," ते म्हणाले. "म्हातारा असू दे, न्हाईतर सोताचा बाप असू दे. सांगत्यात."

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते शिकवताना बोलायचे त्या आवाजात बोलले. आम्ही दयाळू होतो म्हणून हा माणूस बोटांनिशी बुडाला, हे मी कितीही वेळा उलटसुलट करून बघितलं तरी तेच राहतं. आकुर्डीला उतरताना नेहमी माझं कोपर धरायचे, त्या दिवशी काकूंचं धरलं.

मग मी जायचं टाळायला लागले. कारणं काय, भरपूर असतात. मुलाची शाळा, सासूबाईंचं दुखणं, गाड्यांचे घोळ. साबळे मास्तरांची सोलापूरकडच्या शाळेत बदली झाली, त्यांची माझी गाठ पडली नाही. शिंदे अधूनमधून सांगायचे, मिस्त्री बरे आहेत, बोलत नाहीत फारसे. मी बरं म्हणायची आणि पुढचं ड्रॉइंग ओढायची.

एक्क्याऐंशी साली, एका दुपारी, कुणाच्या तरी बारशाला आकुर्डीला गेले होते. निघताना वाटलं, आता इतक्या जवळ येऊन गेलो नाही तर आपलं तोंड आरशात कसं बघू? गल्लीत शिरले आणि मशीनचा आवाज ऐकू आला. कळांचा तो जाड, सलग ठोका. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. लिहायला लागले, पुन्हा लिहायला लागले, असं मनात म्हणत मी जवळजवळ पळतच अंगणात गेले. पारूकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाळून काडी झालेल्या. मी विचारलं, रोज लिहितात? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत ताटात बघितलं. "रोज बसत्यात," म्हणाल्या.

आत मिस्त्री खिडकीखाली पाटावर बसले होते. समोर ते मशीन. केस पांढरेफेक, बंडीतून खांद्याची हाडं दिसत होती. सहा बोटं कळांवर झरझर चालत होती, एकही अडखळत नव्हतं. ओळ संपली, घंटी वाजली, त्यांनी हातानं गाडा मागे सरकवला आणि पुढची ओळ धरली. मशीनमध्ये कागद नव्हता.

मला वाटलं, विसरले असतील. "मिस्त्री," म्हटलं, "मी सुमन. कागद लावायचा राहिलाय."

हात थांबले. "या," ते म्हणाले. "बसा. राहिला न्हाई."

"संपलाय का? मी आणून देते. ऑफिसात पुष्कळ पडलाय."

"पलंगाखाली ढीग हाय. तुमीच आनलेला." त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली, पण थोडी चुकली, ते माझ्या शेजारच्या भिंतीशी बोलत होते. "कागद लावला की हात फुडं जातो, बाई. काय उमटलं बघाया."

काकूंनी चहा आणला, आम्ही तो बिनसाखरेचा प्यालो. मी मुलाचं सांगितलं, शिंद्यांना बढती मिळाल्याचं सांगितलं. ते बरं म्हणाले. कप खाली ठेवताना त्यांनी जमीन चाचपली नाही, काकूंनीच तो हातातून काढून घेतला. मी निघते म्हटलं तर म्हणाले, सावकाश जा.

अंगण ओलांडून गल्लीत आले तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं होतं. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. घंटी वाजली, गाडा मागे गेला आणि त्यांनी नवी ओळ सुरू केली.